काकांच्या पानातला मासा

"आजी म्हणाली गं मला! सरळ आजी!"

काकूंनी आमच्या मधल्या भिंतीवर मटारचं ताट टेकवलं आणि निम्म्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. आमच्याकडे गप्पा फुकट ऐकायला मिळत नाहीत. व्हिएतनामहून परतल्यापासून काकू दिसतच नव्हत्या. आधी बहिणी, मग भिशी, मग योगाचा वर्ग, एवढ्यांना सांगून झाल्याशिवाय शेजाऱ्यांचा नंबर लागत नाही. आज लागला.

"कोण आजी म्हणालं?"

"सायगॉनच्या फोच्या, म्हणजे त्यांच्या शेवया घातलेल्या रश्शाच्या, दुकानातली मालकीण. तिथं वेटरला वेटर म्हणून हाक मारत नाहीत. आपल्याहून लहान असेल तर 'एम', थोरल्या बहिणीसारखी वाटली तर 'ची', आत्याच्या वयाची असेल तर 'को', आणि म्हातारी असेल तर 'बा'. समोरच्याचं वय बघायचं, अंदाज बांधायचा आणि नातं लावायचं. मी तिला चांगलं 'ची' म्हटलं. तर वाडगा पुढ्यात ठेवताना ती मला काय म्हणाली? बा! अगं, ती स्वतः साठीच्या घरातली असेल. जायच्या गडबडीत माझा डाय राहिला, तेवढाच काय तो फरक."

आतून काका काहीतरी पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. तुमचं पण सांगणार आहे मी," काकूंनी मागे न बघताच ऐकवलं.

"पण तुम्ही तर टूरबरोबर गेला होतात ना? टूरवाल्यांचं जेवण ठरलेलं असतं की."

"त्या टूरवाल्यांचं नावच काढू नकोस. विमान मुंबईहून थेट, पाच-साडेपाच तासांत सायगॉन. उतरलो, बस आली, बसमधून थेट इंडियन रेस्टॉरंट. पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राईस, गुलाबजाम. म्हटलं पहिला दिवस आहे, ठीक आहे. रात्री परत तेच, फक्त गुलाबजामाच्या जागी खीर. आणि आपली माणसं खूश गं! ठाण्याच्या एक बाई होत्या, त्यांनी तर बॅगेत इलेक्ट्रिक किटली आणि मॅगीची पाकिटं आणलेली. एका जोडप्याकडे खाकऱ्यांचा डबा, तो बसमध्ये अशा थाटात फिरायचा जसा काही सत्यनारायणाचा प्रसाद. बाहेर रस्त्यावर हे एवढं ताजं शिजतंय, वास येतोय, आणि आम्ही काचेआड बसून खाकरे चावतोय."

सुटका केली ती काकूंच्या भाच्यानं. तो औषधांच्या कंपनीत आहे, सायगॉनला बदली झाल्याला बरीच वर्षं झाली. गावाचं सरकारी नाव 1976 पासून हो ची मिन्ह सिटी. पण तो म्हणतो तिथली माणसंही बोलताना सायगॉनच म्हणतात, म्हणून काकूही म्हणतात. तर हा भाचा हॉटेलवर आला आणि म्हणाला, "मावशी, इथं येऊन तू दाल तडकाच खाणार असशील तर मी आत्ता आईला फोन लावतो." बहिणीला कळणं काकूंना परवडण्यासारखं नव्हतं. दोघंही टूरच्या सिटी दर्शनाला दांडी मारून त्याच्याबरोबर निघाले.

"रस्ता ओलांडला कसा ते मात्र विचारू नकोस. स्कूटरींचा लोंढा. थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीनं चालत राहायचं, त्या आपल्याला वळसा घालून जातात. ह्यांचा डोळे मिटून रामरक्षेचा जप चालू. पलीकडे पोचलो तर दुकान म्हणजे काय? दारातच भलंमोठं पातेलं, त्याच्यामागे एक माणूस, आणि फुटपाथपर्यंत पसरलेली लोखंडी टेबलं नि प्लास्टिकची स्टुलं. स्टुलं तरी केवढी? आपल्या न्हाणीघरात असतात तेवढी. ह्यांच्या गुडघ्यांचं काय झालं असेल ते तूच समज."

"मेनूकार्ड?"

"कशाला हवंय? दुकान एकच पदार्थ करतं. फोचं दुकान फो करणार, कण्यांच्या भाताचं दुकान कण्यांचा भात करणार. भिंतीवर पाच-सहा ओळी लिहिलेल्या, त्यातही फरक एवढाच की तुला मांस कुठल्या भागाचं हवंय. पातेलं संपलं की दुकान बंद. आणि इथं आपल्या चौकातला तो बघ, पावभाजीपासून मंचुरियनपर्यंत सगळं आहे, आणि सगळ्याची चव एक."

मला चौकातल्या त्या माणसाची थोडी बाजू घ्यावीशी वाटली, कारण आमचा रविवारचा चहा-वडा तिथूनच येतो. पण मटार अर्धे व्हायचे होते.

काकूंनी पातेल्याचं वर्णन सुरू केलं तेव्हा त्यांचे हातही सोलायचे थांबले. रात्रभर मंद आचेवर हाडं शिजत असतात. आलं आणि कांदे आधी थेट जाळावर भाजायचे, साल काळं होईपर्यंत, मग ते पातेल्यात. वर दालचिनी, लवंग, मसाला वेलची आणि चक्रीफूल.

"मी लांबूनच ह्यांना म्हटलं, अहो, कुणीतरी गोडा मसाला भाजतंय. भाचा हसायला लागला. म्हणाला, मावशी, तू बाजारातून चक्रीफूल आणतेस ना, ते बरंचसं इथूनच येतं. वर उत्तरेला लांग सोन म्हणून डोंगराळ भाग आहे, चीनच्या सीमेला लागून, तिथं त्याची झाडं. आपल्याकडची जाड सालीची दालचिनी पण पुष्कळशी ह्यांचीच. म्हणजे बघ, आपण वर्षानुवर्षं मसाल्यात व्हिएतनाम कुटतोय आणि त्या ठाण्याच्या बाई तिथं मॅगी खातायत."

"पण काकू, फो म्हणजे बीफचा ना?"

"मूळचा तसाच. पण कोंबडीचाही असतो, मी तोच घेतला. त्याचीही गंमत सांगितली भाच्यानं. 1939 च्या सुमाराला हनोईत आठवड्यातले दोन दिवस बीफ विकायला बंदी होती म्हणे, आणि लोकांना तर रोज सकाळी फो हवाच. मग कोंबडी घालून करायला लागले. जुन्या खवय्यांनी नाकं मुरडली, आणि आता त्याच्यासाठी वेगळी दुकानं आहेत."

पातेल्यामागच्या माणसाचं काम काकूंनी मला मटारच्या ताटावर करून दाखवलं. लांब दांड्याच्या जाळीत तांदळाच्या शेवया मूठभर घ्यायच्या, उकळत्या पाण्यात बुडवायच्या, दोनदा झटकायच्या, वाडग्यात. वर मांस, वर कांद्याची पात, वर पळीभर रस्सा. मिनिटसुद्धा लागत नाही. हात जागचा हलत नाही, मान वर होत नाही, आणि तरी कुणी मागून आलेला पुढे घुसत नाही.

"वाडगा आला. मी चमचाभर रस्सा तोंडात घातला. चांगला होता, पण मला वाटलं काहीतरी राहिलंय. तिखट नाही, आंबट नाही. मग त्यांनी टेबलावर ती परडी आणून ठेवली. अगं पाला! आपण एका भाजीवर चार काड्या कोथिंबीर भुरभुरवतो, तसा नव्हे. अख्ख्या डहाळ्या. एक तर आपला सब्जाच, तोच वास, फक्त देठ जांभळा. एक लांब, कडेला करवतीसारखे दाते असलेलं पान, वास थेट कोथिंबिरीचा पण दुप्पट उग्र. कच्चे मोड आलेले मूग. लिंबाच्या फोडी. लाल मिरचीच्या चकत्या. आणि ह्याचे पैसे नाहीत, संपलं की परत आणून ठेवतात. आम्ही दोघं त्या परडीकडे बघत बसलो, हिचं करायचं काय?"

शेजारच्या स्टुलावर ऑफिसला निघालेली एक मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, हेल्मेट मांडीवर. काकूंनी तिला निरखलं. आधी तिनं रस्सा नुसता चाखला. मग मोड तळाशी सारले, गरम शेवयांखाली, म्हणजे ते अर्धवट मऊ पडतात. पानं चाकूनं नाही, बोटांनी तोडली. लिंबू एकदम नाही, थोडं पिळलं, पुन्हा चाखलं, पुन्हा पिळलं. मिरचीच्या तीन चकत्या मोजून टाकल्या. लाल आणि काळा असे दोन सॉस होते, ते वाडग्यात न ओतता छोट्या बशीत काढले आणि मांसाचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला. हे सगळं करताना दुसऱ्या हातानं मोबाइलवर बोलणं चालू.

"तेव्हा मला कळलं," काकू म्हणाल्या, "त्या पातेलेवाल्यानं निम्माच स्वयंपाक केलाय. उरलेला निम्मा खाणाऱ्यानं करायचा. म्हणून एका टेबलावरच्या चार वाडग्यांना चार चवी. कुणी म्हणू शकत नाही मीठ जास्त झालंय, बायकोनं आज तिखट केलंय. स्वतः केलंस, स्वतः खा! हे जर आपल्याकडे आलं ना, तर निम्म्या घरांतली भांडणं मिटतील."

भांडण मात्र तिथंही आहे, ते प्रांताप्रांतातलं. फो उत्तरेचा. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून आठ-दहा लाख माणसं दक्षिणेत आली आणि येताना आपला फो घेऊन आली. सायगॉन पडलं सुपीक मुलुखातलं गाव, मेकाँगच्या मुखापाशी, बारमाही पालेभाजी. त्यांनी वाडग्याशेजारी परडी ठेवली, गोड सॉस ठेवला. हनोईची माणसं अजून त्यावर तोंड वाकडं करतात. त्यांच्या मते चांगल्या रश्शाला पाल्याचा आधार लागत नाही. भाच्याच्या ऑफिसात हनोईचे दोघं आहेत, ते परडीला हात लावत नाहीत, आणि सायगॉनची मंडळी मुद्दाम ती त्यांच्यापुढे सरकवतात.

"आणि काका? काका काय खात होते?"

हा प्रश्न विचारायची काकू वाटच बघत होत्या. काका पक्के शाकाहारी. इतके, की लग्नानंतर काकूंच्या माहेरची सुकट ह्या घराचा उंबरा कधी ओलांडू शकली नाही.

"हे फोच्या दुकानात बसून कॉफी प्यायले. ती मात्र त्यांना फार आवडली. पेल्यावर छोटं ॲल्युमिनियमचं गाळणं ठेवतात, थेंब थेंब पडत राहते, खाली कंडेन्स्ड मिल्क, मग बर्फ. हे त्या थेंबांकडे बघत बसले आणि म्हणाले, मला इथंच राहू दे. पण पोटाचं काय? भाच्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, नुसती भाजी मागवली तरी भरवसा धरायचा नाही. सगळ्यात नुक माम असतं. म्हणजे माशाचं पाणी. फू क्वोक बेटावर लाकडाच्या प्रचंड पिंपांत बोंबिलाच्या बोटभर भावंडांसारखे छोटे मासे नि मीठ भरून वर्षभर मुरवतात, आणि खालून जो रस निघतो तो. युरोपनं त्या बेटाच्या नावाला 2012 मध्ये संरक्षण दिलंय, दुसऱ्या कुणी त्या नावानं विकायचं नाही. मी चाखलं. पहिल्या वासाला नाक मिटलं, पण लिंबू, साखर, लसूण, मिरची घालून चटणी केल्यावर, बाई गं! ह्यांच्यासमोर बोलू नको, पण मी बोटं चाटली."

आतून काका म्हणाले, "ऐकू येतंय."

"येऊ दे. तर ह्यांना नेलं शाकाहारी दुकानात. पाटीवर 'चाय' लिहिलेलं असतं, ते बघायचं. बौद्ध लोक ना ते, चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला पुष्कळ जण मांस-मासळी खात नाहीत. त्या दिवशी ह्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही नेमके पौर्णिमेला गेलो. हे इतके खूश, जसं काही सगळ्या देशानं ह्यांच्यासाठीच उपास धरलाय. मुळा, मका आणि अळंब्यांचा रस्सा, त्यात टोफू. मग बान्ह सेओ मागवला. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, कढईभर पातळ पसरलेलं, कडा कुरकुरीत, आत मोड नि अळंबी. आपलं घावनच म्हण. पण तो तसाच खायचा नाही. तुकडा तोडायचा, मोठ्या पानात ठेवायचा, वर बारका पाला घालायचा, गुंडाळी करून बुडवून खायची. म्हणजे परत परडी आलीच."

आता काकूंनी ताट बाजूला ठेवलं.

"त्या परडीत एक पान होतं. हृदयाच्या आकाराचं, कोवळं, विड्याच्या पानाचं पिल्लू वाटावं असं. ह्यांना आवडलं दिसायला. गुंडाळीत चांगली चार पानं भरली, गुंडाळी अख्खी तोंडात. आणि थांबले. चावायचे थांबले, डोळे मोठे, नाकपुड्या फुगलेल्या. मला वाटलं मिरची लागली. तर तोंडावर रुमाल धरून म्हणतात, 'मासा! ह्यात मासा आहे!' सगळं दुकान आमच्याकडे बघायला लागलं. दुकानात देवीची तसबीर, उदबत्ती लावलेली, आणि हा माणूस ओरडतोय मासा म्हणून. मालकीण धावत आली. भाचा हसून लोळतोय. त्या पानालाच माशाचा वास असतो गं! दिएप का म्हणतात. नुसतं पान, झाडाचं, मातीत उगवलेलं. मी एक खाऊन बघितलं. ताज्या बांगड्याचा वास, अगदी बाजारात पाटी उघडल्यावर येतो तसा."

"मग?"

"मग काय, पस्तीस वर्षं ज्या घरात सुकट शिरली नाही त्या घरच्या पुरुषाच्या तोंडात परमेश्वरानं बांगडा घातला, आणि तोही शाकाहारी दुकानात, पौर्णिमेला! मी परडीतली उरलेली सगळी पानं संपवली."

"वनस्पती आहे ती," आतून खुलासा आला. "आणि औषधी आहे."

कण्यांच्या भाताचं काकूंनी घाईघाईत सांगितलं, कारण कुकरची शिटी झाली होती. कॉम तम म्हणतात. गिरणीत तांदूळ फुटून ज्या कण्या उरायच्या, त्या विकायला जायच्या नाहीत, म्हणून गरीब शेतकऱ्याच्या ताटात पडायच्या. आता तोच सायगॉनचा मानाचा पदार्थ, वर कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, आणि खायला काड्या नाहीत, काटा-चमचा. काकूंनी नुसता भात, काकडी आणि तळलेलं अंडं घेतलं. "आपण कण्यांची पेज आजाऱ्याला देतो. ते पाव्हण्याला देतात."

त्या फोच्या दुकानात बिलाच्या वेळी काकांनी आपलं शिक्षकी बाणेदारपण दाखवलं म्हणे. टेबलावर ओल्या रुमालाची पाकिटं ठेवलेली असतात. काकांनी ती फुकट समजून तीन फोडली, बिलात लावलेली बघून हुज्जत घालायला निघाले. पाकिटाचे दोन-तीन हजार डाँग, म्हणजे आपले आठ-दहा रुपये. टेबलावर ठेवलेल्या तळलेल्या मैद्याच्या कांड्यांचंही तसंच, खाल्ल्या तेवढ्या मोजतात. काकांनी शेवटी रागानं नोट काढून दिली. तिथं वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी. ह्यांनी दिली पाच लाखांची. मालकिणीनं ती उजेडाकडे धरली, काकांकडे बघितलं, परत त्यांच्या हातात ठेवली आणि त्यांच्या पाकिटातून स्वतःच बरोबर नोट निवडून घेतली.

"आणि तिनं ह्यांना आजोबा म्हटलं," काकू म्हणाल्या. "तेव्हा मला जरा बरं वाटलं."

काका आता बाहेरच आले. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मते काकूंनी खाण्याच्या नादात मुख्य गोष्ट सांगितलीच नाही. लि चिन्ह थांग रस्त्यावर फो बिन्ह नावाचं एक दुकान आहे. युद्धाच्या दिवसांत खाली अमेरिकन सैनिक येऊन फो खायचे आणि वरच्या मजल्यावर त्यांच्याशीच लढणाऱ्या व्हिएतकाँगचं गुप्त ठाणं होतं. 1968 च्या जानेवारीअखेर, त्यांच्या नववर्षाच्या सणात, सायगॉनवर जो हल्ला झाला त्याचे हुकूम त्या माडीवरून सुटले. मालक न्गो तोआय पकडला गेला, तुरुंगात पडला, जिवंत परत आला.

"विचार कर," काका म्हणाले, "ज्याच्यावर उद्या गोळी झाडायची त्यालाच आज वाडगा भरून द्यायचा, आणि चव बिघडू द्यायची नाही. चव बिघडली तर गिऱ्हाईक येणार नाही, आणि गिऱ्हाईक आलं नाही तर संशय येणार."

मी विचारलं, "काका, ते व्हॉट्सॲपवर येतं ना, व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून?"

"मला सतरा जणांनी पाठवलंय. त्याचा एकही पुरावा कुणी दाखवलेला नाही. मी भाच्याच्या ऑफिसातल्या त्या दोघा हनोईकरांनाही विचारलं, त्यांनी ऐकलेलं नाही. आपल्या महाराजांना असल्या उसन्या दाखल्यांची गरज काय?"

काकूंना युद्धात रस नव्हता. त्यांनी विषय गावात आणला. हायवेला नवं व्हिएतनामी रेस्टॉरंट निघालंय, त्यांच्या भिशीतल्या सगळ्या जाऊन आल्या.

"मी पण गेले परवा. मेनूकार्ड केवढं? लग्नाच्या अल्बमएवढं. फो आहे, पास्ता आहे, पनीरचे समर रोल आहेत. फो मागवला. वाडग्यात तीन पुदिन्याची पानं, चौथं नाही. परडी कुठाय विचारलं तर तो पोरगा म्हणतो, मॅडम, एक्स्ट्रा गार्निशचे साठ रुपये."

"मग आपण जायचंच नाही का?"

"का नाही? रस्सा बरा आहे त्याचा, चक्रीफूल घातलेलं कळतं. शनिवारी जाऊ. सब्जा माझ्या कुंडीतला, पुदिना तुझा, मोड मी उद्या बांधते. सगळं डब्यात घालून पर्समध्ये. लिंबं तेवढी तू आण, चार तरी. तो एकच फोड देतो, तीही वाळलेली."

"आणि त्यानं अडवलं तर?"

"मला आजी म्हणेल ना तो. आजीला कोण अडवतंय? आता तो मटार इकडे दे, कुकर उतरवायचाय."